मासे शोधणाऱ्या यंत्राची बॅटरी

माझा थोरला चुलतभाऊ, आम्हा सगळ्यांचा आबा, होडीत मला तोंड उघडू देत नसे. "गप बस, मासा ऐकस," म्हणजे मासा ऐकतो, एवढंच त्याचं बोलणं. गेल्या वर्षी त्याच्या डोळ्यांचे पडदे गेले, पाण्यातली हालचाल दिसेना, आणि तो ओट्यावरच बसून राहिला. समोर तासभर बडबड केली तरी ओरडत नसे. मला ते सहन होईना. म्हणून मी मासे शोधायचं यंत्र आणलं. होडीखाली मासा आला की ते वाजतं, डोळ्यांचं कामच नाही.

शिरपूरजवळ तापीच्या अडवलेल्या पाण्यावर आमची छोटी होडी असते. तिची मोटर बॅटरीवर चालते, त्याच बॅटरीला मी यंत्र जोडलं. मोटरने वेग घेतला की यंत्र बंद. धुळ्याचा दुकानदार म्हणाला, यंत्राला वेगळी बॅटरी द्या, लहानशी पुरेल, याला वीज लागते किती.

लहानशी? आमच्याकडे लग्नाचा मांडवसुद्धा कुणी लहान घालत नाही. संध्याकाळी आबाच्या ओट्यावर बैठक बसली. ज्यांनी होडीत कधी पाय ठेवला नव्हता, त्यांची मतं सगळ्यात ठाम. बॅटऱ्या आणल्या आणि केळीचा घड तोलावा तशा उचलून पाहिल्या. मोटारसायकलची एका हाताने उचलली गेली, म्हणून बाद. ट्रॅक्टरची उचलताना पुतण्याच्या कमरेत उसण भरली, तेव्हा तीच एकमताने पास झाली. मीही मान डोलावली. एवढ्या भारी यंत्राला एवढीशी बॅटरी शोभली नसती.

दुसऱ्या दिवशी आबाला हात धरून होडीत बसवलं. मोटरची बॅटरी मागे होती, म्हणून ही पुढे ठेवली. होडीने नाक पाण्यात खुपसलं आणि मागचा भाग वर केला. यंत्राचा सेन्सर मागेच लावलेला, तो हवेत लटकला. वीज भरपूर होती, यंत्र झोकात चालू होतं, फक्त आभाळात मासे नव्हते. आबा बराच वेळ कान देऊन बसला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे भाऊ. घर चाल." आवाजात राग नव्हता, तेच मला लागलं.

घरी वहिनी, म्हणजे आबाची बायको, कपाशीवर फवारणी करायला निघाली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, पाठीवरचा पंप उतरवला आणि त्यातली जेवणाच्या डब्याएवढी बॅटरी काढून माझ्या हातात दिली.

"कपाशीनं सकाय देखसू. यासले परत लई जा." फवारणी उद्यावर गेली, आबाला परत पाण्यावर न्यायचं ठरलं.

ओट्यावरची मंडळी चपला शोधू लागली. एवढ्याशा वस्तूवर मत तरी काय देणार? पुतण्या कमरेला मलम चोळत आत गेला.

या खेपेला होडी सरळ राहिली. मोटर चालू, यंत्रही चालू. मी बोलतच सुटलो: बॅटरी कशी हलकी, कशी दिवसभर टिकेल, आपण सगळे कसे मूर्ख. तेवढ्यात यंत्र वाजलं. आबाने चाचपडत गळ हातात घेतला आणि माझ्याकडे तोंड वळवलं.

"गप बस," तो खेकसला. "मासा ऐकस."

मी गप्प बसलो. वर्षभरात इतकं सुखाचं मी काही ऐकलं नव्हतं.