तपासणीचा अभ्यास

शाळेच्या ग्रुपवर बाईंचा मेसेज आला, “उद्या मुलांच्या डोळ्यांची तपासणी आहे,” आणि मी घाबरले. ‘डोळ्यांची’ हा शब्द मी वाचला असेन, पण डोक्यात गेला तो ‘तपासणी’ एवढाच.

आमच्या यवतमाळकडच्या गावात तपासणी म्हणजे साहेब यायचा. त्याच्या आधी आठ दिवस गुरुजी सगळ्या वर्गाकडून उत्तरं घोकून घ्यायचे. कोणाला काय विचारलं जाणार, तेही ठरलेलं असायचं. मी कच्ची. मला गुरुजी म्हणाले, “उद्या तू नाही आली तरी चालते.” मी नाही गेले. पुढं पाचवीत तर कायमचीच नाही गेले, आणि तेही चाललंच सगळ्यांना.

आता इथं कोल्हापुरात नवरा फाउंड्रीत कामाला आहे आणि मी राजारामपुरीतल्या एका मेसमध्ये चपात्या लाटते. लेक दुसरीत. तिला कोणी ‘नाही आली तरी चालते’ म्हणू नये, एवढ्या एका भीतीवर माझा संसार चालतो.

संध्याकाळी तिला आणायला गेले तर शाळेच्या व्हरांड्यात तक्ता आधीच टांगून ठेवलेला. वर एकच मोठं अक्षर, आणि खाली खाली बारीक होत गेलेल्या ओळी. पेपर फुटल्यावर पोरांना काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं. पिशवीतल्या किराण्याच्या यादीमागं मी तो सगळा उतरवून घेतला. शेवटची ओळ तर अगदी नाक टेकवून. शिपाईमामा म्हणाले, “काय वो ताई, भिंतीचा वास घ्यायला लागलाय व्हय?”

मेसमध्ये मी लाटत होते आणि लेक पिठाच्या डब्यावर बसून म्हणत होती, “ग. म, ट. प, र, व.” चुकली की मी लाटणं आपटायचे. मेसच्या मालकीण आल्या. त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो.

“कुठला मंत्र म्हणायचा ह्यो? पोरीला दृष्ट लागलीया काय?”

“नाही आक्का, उद्या तपासणी आहे. पाठ करून राहिली ती.”

“पाठ करून ऱ्हायली? ऱ्हाती तर तुझ्याच खोलीवर की!”

माझ्या वऱ्हाडी बोलण्यावर त्या रोज असं काहीतरी काढतात. मीही रोज हसते. पहिल्या दिवशी मला भाड्याची खोली त्यांनीच मिळवून दिली होती, तेव्हा एवढं त्यांचं चालतं.

दुसऱ्या दिवशी लेकीनं डावा डोळा झाकून सगळा तक्ता म्हणून दाखवला. उजवा झाकला तेव्हा तर त्याहून भरभर. तपासणाऱ्या बाईंची छडी ओळीवर जायच्या आधीच हिचं उत्तर तयार. बाईंना अख्खी शाळा उरकायची होती. त्या हसल्या, नावापुढं खूण केली आणि म्हणाल्या, “पुढचा.” संध्याकाळी मी मेसमध्ये पेढे वाटले.

आक्कांनी पेढा तोंडात टाकला. “लोकं नंबर आला की पेढे वाटत्यात. नंबर आला न्हाय म्हणून वाटणारी तूच पयली.”

हे झालं जुलैत. मार्चात मेसची वर्षाची चटणी, म्हणजे मिरचीचं तिखट, करायला काढलं. लेकीनं मिरचीच्या पाटीत हात घातला आणि तोच उजव्या डोळ्याला लावला. धुतला, रडली, पुन्हा धुतला. मग तळहातानं डोळा गच्च झाकून ती चालत आली आणि आक्कांच्या लुगड्याला धरून म्हणाली, “आई, पाणी दे.”

“मी तुझी आई कवापास्नं गं?” आक्का हसायला लागल्या.

लेकीनं मान वर करून त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि पुन्हा म्हणाली, “दे ना आई.”

आक्का अंगानं माझ्या दुप्पट. त्यांच्यात आणि माझ्यात चुकायला जागाच नाही. त्यांचं हसणं थांबलं. त्या खाली बसल्या, तिच्यापुढं दोन बोटं धरली आणि विचारलं, “ह्यी किती?”

माझ्या बांगड्या वाजल्या तिकडं लेकीनं तोंड वळवलं आणि वाट बघत राहिली. उत्तर मी सांगणार, हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का स्वतः आम्हाला दोन गल्ल्यांपलीकडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी लेकीला खुर्चीत बसवलं, उजव्या डोळ्यावर झाकण दिलं आणि समोरच्या अक्षरांच्या पाटीचा दिवा लावायला वळल्या. लेक ताठ बसून सुरू झाली, “ग. म, ट. प, र, व.”

“अगं बाळ, मी अजून काही दाखवलंच नाही.”

“पुढचं पण येतं मला. आईनं पाठ करून घेतलंय.”

डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. मग त्यांनी दिवा लावला, आणि लेकीला वरचं एक मोठं अक्षर तेवढं सांगता आलं. थेंब घातले, यंत्रावर हनुवटी टेकवून घेतली, पुन्हा पुन्हा बघितलं.

“डावा डोळा वरून चांगला आहे,” त्या म्हणाल्या, “पण त्याचा नंबर मोठा आहे. त्यातनं धूसर दिसतं, म्हणून मेंदूनं त्याच्याकडं लक्ष देणंच सोडलंय. सगळं काम उजवा करतोय. याला आळशी डोळा म्हणतात. आता चष्मा लावायचा, आणि रोज सहा तास चांगल्या डोळ्याला पट्टी. म्हणजे याला उठून काम करावं लागेल. लहान आहे तोवर डोळा शिकतो. मोठेपणी फार अवघड. किती सुधारेल ते मी आज सांगणार नाही.”

मी विचारलं, “शाळेतल्या तपासणीतच कळलं असतं का?”

“कळलं असतं,” त्या म्हणाल्या. बस, एवढंच. एका शब्दानं रागावल्या नाहीत. ते काम आक्कांनी केलं. “डॉक्टर, पट्ट्या दोन द्या. एक पोरीच्या डोळ्याला, एक हिच्या तोंडाला.”

पुढचे तीन महिने आमच्या घरात आणि मेसमध्ये एकच विषय, पट्टी. लेक नाकाजवळच्या फटीतनं चोरून बघायची आणि आक्का गल्ल्यावरनं ओरडायच्या, “चोर घावला!” डॉक्टरीणबाईंनी बारीक बघायचं काम द्यायला सांगितलं होतं, म्हणून आक्कांनी तिला तांदूळ निवडायला बसवलं. पहिल्या दिवशी तिनं काढले त्यापेक्षा जास्त खडे ठेवले. एका गिऱ्हाइकाच्या दाताखाली खडा आला आणि तो ओरडला. आक्का म्हणाल्या, “पावणं, आमच्या पोरीच्या डोळ्याचं औषध हाय ते. गिळा गप.” मी भिऊन आत पळाले. गिऱ्हाईक कायमचं तुटलं बहुतेक, असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तो आला आणि जेवायच्या आधी विचारलं, “आज तांदूळ कुणी निवडलंय?”

मी मात्र रोज घाबरत होते. माझ्या अडाणीपणापायी तिचे आठ महिने गेले होते, आणि डोळा उठला नाही तर ते आठ महिने तिला कुठून आणून देणार?

पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आई, तुम्ही बाहेर बसा.”

“मी काही बोलत नाही.”

“तुम्ही बोलत नाही, तुमचे ओठ बोलतात.”

आक्का लेकीबरोबर आत राहिल्या. मी बाहेर बाकावर. दार नीट लागलं नव्हतं. आतून लेकीचा आवाज यायला लागला. सावकाश, एकेक अक्षर, मध्ये थांबून. मी बोटांवर ओळी मोजत होते. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. चौथीत एकदा अडखळली, पण झाली. पाचवीला मात्र आवाज बंद पडला. मी उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. दवाखान्यातल्या पाटीवर त्या ओळीत काय लिहिलंय हे मला माहीत नव्हतं म्हणून बरं. माहीत असतं तर माझ्यानं राहवलं नसतं, खरं सांगते.

मग लेक मोठ्यानं म्हणाली, “हे न्हाय दिसत!”

“शाबास,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

येत नाही म्हटल्यावर कोणाला शाबास मिळालेली मी पहिल्यांदा ऐकली. मला आत बोलावलं तेव्हा मी पदरानं डोळे पुसत होते. पट्टी सुटली का, असं विचारलं. “नाही,” त्या म्हणाल्या, “अजून बरेच दिवस.”

“पण उठला ना तो डोळा?”

डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या चष्म्याची दांडी कानामागं नीट बसवली. “कूस बदललीय त्यानं,” त्या म्हणाल्या. “आता झोपू देऊ नका.”