कटरचं साल

झाड कापायच्या कटरचा आवाज आला की बुवापाड्यातली आमची काकी हातातलं काम टाकून निघायची. तव्यावर भाकरी असली तर ती तशीच. आवाजाच्या रोखाने चालत ती त्या झाडाखाली जाऊन उभी राहायची, कटर धरलेल्या माणसाचा चेहरा नीट बघायची आणि परत यायची. नवी माणसं हसायची. जुनी हसत नसत, कारण त्यांना माहीत होतं.

माझा काका लाकूडतोडीची कामं घ्यायचा. मी शाळेत असताना तो कटर खांद्यावर टाकून कोकणात एका कामावर गेला, तो परत आलाच नाही. ठेकेदार म्हणाला, मधेच काम सोडून गेला. पोलिसांत तक्रार झाली. माझे वडील तिकडे जाऊन वाड्यावाड्यांतून विचारून आले, पण काही हाती लागलं नाही. नातेवाईक काकीला धीर द्यायला बसले की ती म्हणायची, "येतील म्हणू नका, गेले म्हणू नका. ठाऊक आहे तेवढंच बोला." पुढे तिच्याशी कोणी हा विषयच काढेनासं झालं.

काही वर्षांपूर्वी तिने मला फोन करून उल्हासनगरला बोलावून घेतलं. भंगारच्या एका दुकानापुढे ती जमिनीवर बसली होती आणि मांडीवर एक गंजलेला जुना कटर होता. त्याच्या मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली. काकाही अशीच गुंडाळायचा. दुकानदार सिंधी म्हातारा होता, बिचारा थकून गेला होता. "माई, भंगार में किसका क्या आया, मैं कैसे बताऊँ?" एवढंच तो परत परत सांगत होता. मी कटर विकत घेतला आणि काकीला उठवून घरी आणलं.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. काकीने हट्टच धरला की हा चालू करून दे, आवाज ऐकला की मी ओळखेन. काकाचाच निघाला तर काय, असं मी तिला विचारलं.

"तर ते गेले," ती म्हणाली. "मला रडायचंय रे. एकदाच, पोटभर. अजून कशावर रडू तेच कळत नाही."

पिस्टन जाम झाला होता. मी रॉकेल ओतून ठेवलं, टाकी धुतली, प्लग बदलला. नंबराची पट्टी घासून कोरी झाली होती. पण बाजूचं झाकण काढलं तेव्हा त्याच्या आतल्या अंगाला, धातूच्या ओतकामातच उमटलेला एक छोटा गोल दिसला आणि त्यात सालाचे आकडे. ते साल काका कोकणात गेला त्यानंतरचं होतं.

काकी म्हणाली, झाकण कोणी नंतर बदललं असेल. असं होतंही, आणि ते तसंच असावं असं मलाही वाटत होतं. मी इंजिन पूर्ण उतरवलं, मुख्य सांगाड्याच्या आतला काळा थर खरवडून काढला. तिथेही तसाच गोल होता. साल तेच.

काकीने त्या आकड्यांवर बोट ठेवलं, ते बराच वेळ उचललं नाही.

"तू कारखान्यात असतोस ना," ती हळूच म्हणाली, "हा आकडा बदलता येत नाही?"

मी म्हटलं, "येईल काकी. पण तुला ठाऊक असेल."

तरी तिने कटर पुन्हा जोडून चालू करायला लावलाच. दोरी ओढून ओढून माझे खांदे भरून आले तेव्हा कुठे तो धूर ओकत सुरू झाला. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली, "सगळे सारखेच वाजतात." त्यानंतर ती कुठल्या झाडाखाली गेली नाही. घरातच बसून असायची, जेवायला वाढलं तर जेवायची.

यंदाच्या उन्हाळ्यात काकी गेली. तिला सवाष्ण म्हणून न्यायचं की विधवा म्हणून, यावरून बायकांत कुजबुज सुरू झाली. शेवटी सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी कोणाला काही न विचारता बाजारात गेलो आणि हिरवी साडी मागितली. दुकानदाराने विचारलं, "ओटीचं सामानही देऊ का?"

मी म्हटलं, "द्या."