राजीनामा देणार नाही

"देणार नाही! मान कापा, सुळावर चढवा, तोफेच्या तोंडी द्या! पण राजीनामा देणार नाही म्हणजे नाही!"

हे ओरडत होता माझा थोरला भाऊ, आणि ओरडत होता भर कचेरीत, साहेबांच्या मेजासमोर, हातात आमटीची पळी घेऊन. पळी चुकून आली होती. बोलावणं आलं तेव्हा दादा चुलीशी होता, तो तसाच निघाला. पण शिपायानं ती हत्यार समजून भिंतीचा आसरा घेतला. दादाचा आवाज असा की कचेरीच्या वळचणीची कबुतरं उडाली ती थेट किल्ल्यावर जाऊन बसली. खोटं वाटेल, पण त्यातलं एकही मी पुन्हा खाली उतरलेलं पाहिलं नाही.

साहेब मराठीच. त्यांचे पणजोबा फौजेबरोबर इकडे ग्वाल्हेरला आले आणि इथलेच झाले. त्यांची मराठीही इथलीच झाली होती. त्यांनी डोकं धरलं.

"अहो, नाराज कशाला होता? मी काही तुमचं दुकान थोडीच मागतो आहे? एक राजीनामाच तर मागतो आहे. तो देऊन टाका आणि निवांत बसा."

"ऐकलंस?" दादा माझ्याकडे वळला. "वर म्हणतात निवांत बसा!"

"ऐकलं," मी म्हणालो. "जखमेवर मीठ."

हे मीठ माझ्या पदरचं होतं, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या घरात शिकलेला मी. म्हणजे गावच्या शाळेत पाच यत्ता, आणि त्यातल्या दोन तर दोनदा.

आम्ही कृष्णाकाठच्या एका खेड्यातून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आलो तेव्हा आमच्याजवळ दोन पातेली, एक परात आणि वहिनी होती. पहिल्या तिन्ही वस्तूंना पोचे आले होते. वहिनी तेवढी धड होती. जयेंद्रगंजातून बाड्याच्या चौकाकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, एका बोळाच्या तोंडाशी जागा मिळाली. वहिनीनं स्वतः माती कालवून दोन जोडचुली घातल्या, त्यांवर बोटांनी वेली काढल्या आणि खाणावळ सुरू झाली. तिच्या फोडणीची कीर्ती काय सांगू? एकदा लसणाचा ठसका समोरच्या सराफाच्या दुकानात गेला, सराफ शिंकला आणि तराजूचं पारडं असं हललं की गिऱ्हाईक गुंजभर सोनं फुकट घेऊन गेलं. पुढं महिनाभर लोक आमच्या फोडणीची वेळ विचारून सोनं घ्यायला यायचे.

एका बाजूला बोळ, म्हणून शेजारी एकच. तो अत्तरवाला. आता अत्तराच्या भिंतीला हिंगाची भिंत लागावी, ही देवाची चेष्टाच म्हणायची. बिचारा कनोजच्या गुलाबाची कुपी उघडायचा, आणि गिऱ्हाईक नाक वर करून म्हणायचं, "आज वांगं आहे वाटतं." मग तो पायरीवर येऊन गर्जायचा, "पंडितजी! मेरा ख़स मर गया आपके बघार से!" म्हणजे आमच्या फोडणीनं त्याचा वाळा मेला. दादा आतून ओरडायचा, "तुमच्या गुलाबानं माझा भात नासला, त्याचं काय?" हे रोज. दुपारच्या तोफेवर लोक घड्याळ लावत, तसं काही जण या भांडणावर लावत. पण एकदा त्याचं पोट बिघडलं तेव्हा वहिनीनं हिंग-जिऱ्याचं ताक पाठवलं होतं. त्यानं वाटी धुऊन परत केली, तिला आठ दिवस केवड्याचा वास येत होता. भांडण मात्र दुसऱ्या दिवशी वेळेवर झालं.

अशात सरकारच्या मनात आलं की मोठा रस्ता मोठ्या लोकांसारखा दिसावा. विजेचे खांब आले, दुकानांच्या कमानींना एकच रंग लागला, आणि मग हुकूम निघाला: सदर रस्त्यावर चुलीचं, धुराचं खाण्याचं दुकान नको, ते मागच्या गल्लीत न्यावं. अत्तर, कापड, सोनं पुढं. भूक मागं. जणू बाड्यावर येणारी माणसं पोट घरी ठेवून येणार होती!

मग आम्हाला एक कागद आला. हिंदीतला, पण निम्मे शब्द फारशी. दादानं तो माझ्यापुढं टाकला, वहिनी पदराला हात पुसत येऊन बसली. मी घसा साफ केला. त्यात होतं की ज्यांची चूल असेल, त्यांनी मुदतीच्या आत हमसाये का राज़ीनामा दाखल करावा, न केल्यास दुकान हटवलं जाईल.

"राजीनामा!" दादाचा चेहरा पांढरा पडला.

का पडला ते आमच्या मुलखातल्या माणसाला सांगायला नको. तिकडे जमीन सोडायची तर सरकारात राजीनामा लिहून द्यायचा. आमच्या वडिलांनी भावाच्या गोड बोलण्याला भुलून तसा एक लिहून दिला होता. 'नुसती सही कर, जमीन काय पळते आहे?' जमीन पळाली नाही, आम्ही पळालो, पार ग्वाल्हेरपर्यंत. दादा तेव्हा बांधावर उभा होता. तेव्हापासून तो शब्द घरात कोणी उच्चारत नसे.

"आणि हे हमसाये काय?" वहिनीनं विचारलं.

इथं मी गप्प बसलो असतो तर! पण शिकलेला माणूस गप्प बसतो का? मी म्हणालो, "सोपं आहे. हम म्हणजे आम्ही. साये म्हणजे सारे. आपण सगळ्यांनी राजीनामा द्यायचा. वहिनी, तुम्हीसुद्धा."

"मी? मी कुठं नोकरीला आहे?"

"घराला आहात," मी म्हणालो. त्या वेळी ते फार मार्मिक वाटलं होतं.

"आणि नाही दिला तर?"

"तर हटवतील. म्हणजे अब्रूनं जा, नाहीतर धक्के खाऊन जा. दादा, मी तर म्हणतो, धक्के खा. लिहून दिलं की हक्क गेला."

"कोणाला तरी विचारून घ्या," वहिनी म्हणाली. "शेजारी त्या मियाँना येतं फारशी वाचता."

"त्याला?" आम्ही दोघं भाऊ एकदम हसलो. दादा म्हणाला, "अगं, हा कागद त्यानंच आणवला असेल!"

मी उत्तर लिहिलं. असं उत्तर की तह मोडताना एखाद्या पेशव्यानंही लिहिलं नसेल. 'देहात प्राण आहे तोवर राजीनामा देणार नाही.' खाली दादाची सही, वहिनीची निशाणी बांगडी. साहेबांनी ते वाचून दादाला बोलावलं, आणि वर सांगितलं ते पळीचं प्रकरण घडलं. त्यांनी मुदत एकदा वाढवली, दोनदा वाढवली. तिसऱ्यांदा ते स्वतः खाणावळीत येऊन पाटावर बसले, दोन वाट्या आमटी प्याले आणि म्हणाले, "माझा शिक्का तयार आहे हो. तुम्ही राजीनामा का देत नाही? इतकी काय दुश्मनी आहे?"

"दुश्मनी तुमचीच," दादा म्हणाला.

साहेब उठले. जाताना पुटपुटले, "ही दक्षिणी माणसं!" मराठी माणसानं मराठी माणसाला दक्षिणी म्हणायला ग्वाल्हेरच लागतं.

मुदत संपली. माणसं आली, त्यांनी पाट, पातेली मागच्या गल्लीत नेऊन ठेवली, अगदी हळू, नीट. चूल काही उचलून नेता येत नाही. ती त्यांनी कुदळीनं फोडली. वहिनी तिथं उभी होती. रडली नाही. वेलीची नक्षी असलेलं एक ढेकूळ तिनं उचललं, बघितलं आणि परत खाली टाकलं. माझ्याकडे मात्र तिनं पाहिलं नाही. पुढं बरेच दिवस पाहिलं नाही.

मागच्या गल्लीत चूल पेटली, पण फोडणीचा वास रस्त्यापर्यंत पोचेना. खाणावळीचं अर्धं गिऱ्हाईक पायांनी येतं आणि अर्धं नाकानं. नाकवालं गेलं. पुढं पायवालंही गेलं. दादा फूलबागेजवळ एका बड्या घरी आचारी राहिला. ज्या माणसानं रोज शंभर पानं वाढली, तो सहा माणसांच्या भातात मीठ कमी पडलं म्हणून बोलणी खाऊ लागला.

आणि आमची जागा? तिथं वर्षाच्या आत हॉटेल निघालं. संगमरवरी मेजं, आरसे आणि मागच्या बाजूला, तुम्हाला पटणार नाही, चांगली हत्तीएवढी भट्टी! मी रागानं पेटून आत शिरलो. मनात होतं की मेजं उलटी करावीत. पण आधी चहा मागवला, कारण रागातही घसा कोरडा पडतो. समोर भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी चौकटीत एक कागद लावला होता. शिक्का आमच्याच साहेबांचा. मधल्या काळात मला फारशी शब्द चार जास्त येऊ लागले होते. वाचलं. 'राज़ीनामा. मैं, हमसाया दुकान का मालिक, इस दुकान में भट्टी रहने पर राज़ी हूँ।' खाली अत्तरवाल्याची सही.

हमसाया म्हणजे शेजारी. राजीनामा म्हणजे मी राजी आहे, एवढंच. सोडून जाण्याचा नाही, राहू देण्याचा कागद. तिन्ही वेळा साहेब आम्हाला वाचवू पाहत होते, आणि आम्ही तिन्ही वेळा पळी उगारली होती.

दादाला मी हे कधी सांगितलं नाही. तो गेला तो 'मी राजीनामा दिला नाही' या ताठ्यातच. शेवटच्या आजारातसुद्धा येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगायचा, आणि ऐकणारा मान डोलवायचा. वहिनी तेवढी उठून आत जायची. तिला कळलं होतं की काय, मी विचारलं नाही.

पण त्या दिवशी चहा तसाच टाकून मी शेजारच्या पायरीवर चढलो. अत्तरवाला कुपीत कापसाचा बोळा घालत होता. दोष कोणाच्या तरी डोक्यावर घालणं मला भाग होतं, आणि माझं स्वतःचं डोकं तेवढं रिकामं ठेवायचं होतं. मी अख्खा बाडा ऐकेल असा ओरडलो, "मियाँ, या उपऱ्याला राजीनामा दिलात! आठ वर्षं ज्यांच्याशी भिंत लावून बसलात, ज्या बाईनं आजारपणात ताक पाठवलं, तिला एक सही दिली नाहीत? का दिली नाहीत?"

त्यानं बोळा नीट बसवला, कुपीचं झाकण लावलं आणि वर पाहिलं.

"आप लोगों ने माँगी ही नहीं।"