पाडलेल्या दाराची उंची

समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव मी आजवर कधी खरा मानला नाही, तिथं भूतखेत आणि वास्तुदोष कुठून मानणार? त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते भरदिवसा झालं आणि एकट्या माझ्या बाबतीत झालं नाही... म्हणून लिहितो.

माझं परतवाड्याला स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. सुरुवात सायकलवर केली. जुने कपडे घ्यायचे, भांडी द्यायची, गावोगाव. आता हाताखाली माणसं आहेत. अचलपूरला, जुन्या परकोटाच्या आतल्या एका गल्लीत दुसरं दुकान काढायचं म्हणून तिथलं एक घर विकत घेतलं.

त्या घराचं दार मला सायकलच्या दिवसांपासून माहीत होतं. सागवानी चौकट, वर जाडजूड गणेशपट्टी, आणि उंची अशी की पोरंसोरं सोडली तर प्रत्येकाला वाकूनच आत जावं लागे. एकदा घाईत माझं कपाळ त्या पट्टीवर आपटलं. रक्त आलं, खूण अजून आहे. घरमालक आतून हसत म्हणाले, "वाकल्याबिगर आत येता येत नाही रे बाप्पा इथं." हे वाक्य मी विसरलो नाही. घर माझ्या नावावर झालं तेव्हा सगळ्यात आधी ते दार काढलं.

परवानगी घेतली नव्हती. परकोटाच्या आत काही पाडायचं-बांधायचं तर ती लागते, हे मलाही ठाऊक होतं. पण त्याच गल्लीत माझ्याआधी किती जणांनी जुनं पाडून टाइल्स लावल्या, तेव्हा कोणी ब्र काढला नाही. माझ्या वेळी मात्र समोरच्या वकिलांना इतिहास आठवला. हे वकील म्हणजे सत्तरी ओलांडलेले, कोर्ट सोडलेले, दिवसभर आपल्या ओट्यावर खुर्ची टाकून बसणारे. मला अजूनही अरे-तुरे करतात. त्यांनी तक्रार केली आणि नोटीस आली. मला. फक्त मला. हा राग गेलेला नाही, जाणारही नाही.

दाराच्या जागी मी दहा फूट उंच शटर ठरवलं होतं. गिऱ्हाईकानं मान ताठ ठेवून आत यावं, एवढीच इच्छा. पिलर उभे झाले, स्लॅब टाकून झाला. मग परतवाड्याहून एक नवा मिस्त्री आणला. त्यानं जुनं घर कधी पाहिलेलं नव्हतं. तो सरळ आत निघाला आणि – खाट! कपाळ धरून खालीच बसला. वर पाहिलं तर मोकळी हवा. मला वाटलं, हा सकाळीच घेऊन आला. शिव्या देऊन त्याला हाकललं.

पुढं शटर बसवायला अकोल्याहून माणूस आला. माळकरी, सुपारीही न खाणारा. त्याचंही तेच. कपाळावर आडवा लाल वळ.

आता मात्र मला वकिलांचा संशय आला. रात्रीतून बारीक मांजा ताणून ठेवला असेल! रस्त्यातूनच त्यांच्यावर ओरडलो, गल्ली गोळा झाली. मग सगळ्यांसमोर बांबू घेऊन ती जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत झोडून काढली. बांबूला काही म्हणजे काही लागलं नाही. शटर बसलं, तेही लोण्यासारखं खालपर्यंत आलं.

शटरवाला हत्यारं गोळा करता करता म्हणाला, "शेठ, तिथं काहीच नाही, त मंग तुमी काहून वाकता? सकाळपासून पाहून राहिलो. दर खेपेले वाकता."

मला खरोखर माहीत नव्हतं. डोकं फिरलं. बाहेर गेलो, मान ताठ केली आणि तरातरा आत निघालो. कपाळावर बसला तो दणका लोखंडाचा नव्हता, सिमेंटचाही नव्हता. लाकडाचा होता. आणि बसला नेमका जुन्या खुणेवर.

त्यानंतर त्या नोटिशीच्या चौकशीसाठी अमरावतीहून एक साहेब मोजमापाला आले. मी सांगणार होतो, पण सांगायचं तरी काय? त्यांनाही लागलं. त्यांनी टेप धरली, दहा फूट भरले. हात वर करून हवेत चाचपलं. मग कपाळ चोळत विचारलं, "इथं आधी काय होतं?"

"दार होतं," मी म्हणालो.

साहेब काम थांबवायला सांगून गेले.

त्याच दुपारी वकील रस्ता ओलांडून आले. उंच माणूस, पण त्या जागी आले तसे सवयीनं वाकले आणि आत आले. म्हणाले, दर्शनी बाजूला जुनी चौकट परत बसव, आत तुझं दुकान कर, मी तक्रार मागं घेतो. चौकट माझ्याच गोदामात होती, मनासारखा भाव आला नाही म्हणून विकली नव्हती. सौदा चांगला होता. दुसऱ्या कोणी आणला असता तर उभ्या उभ्या मिटवला असता.

"वकीलसाहेब, ते दार बसवलं त गाव म्हणन, शेठ वाकला," मी म्हणालो.

"आता काय करून राहिला तू?" ते म्हणाले. "फक्त वर लाकूड नाही, एवढाच फरक."

ते बोलणं झोंबलं, म्हणून चांगला सौदा असूनही नाही म्हणालो. असं सहसा होत नाही.

वरचं बांधकाम बंद आहे. खाली माल भरून दुकान चालवतो. नवं गिऱ्हाईक दिसलं की गल्ल्यावरून ओरडतो, "डोकं सांभाळा!" ते वर बघतात, दहा फूट मोकळं दिसतं, मग माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहतात. माझा इंजिनीअर भाचा म्हणतो, मामा, ही सवय आहे. माझी असेल. अकोल्याच्या माणसाची कशी? साहेबांची कशी?

एक गोष्ट मात्र सोसत नाही. संध्याकाळी दुकानातून बाहेर पडताना मान खाली घालावीच लागते, आणि समोर बरोबर वकिलांचा ओटा आहे. ते खुर्चीत बसलेले असतात. मी वाकलो की रोज उजवा हात वर करतात... आशीर्वाद दिल्यासारखा.