क्लचला किसनच्या चुलीची राख

त्या वर्षी माझं पोस्टिंग पठाणकोटला होतं. मी फौजेत ई.एम.ई.चा नायक, व्हेइकल मेकॅनिक. गावचाच किसन आमच्या युनिटला ड्रायव्हर. दोघं एकाच गाडीनं सुट्टीवर आलो. तो बौद्धवाड्यात गेला, मी पाटील गल्लीत. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा गावं पेटायली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याच गल्लीतल्या लोकांनी बौद्धवाडा पेटवला. मी पोचलो तोवर किसन आईला बाहेर काढून अंगणात पडला होता. पोटात कुऱ्हाड बसली होती. टॉवेलनं पोट आवळून बांधलं. मामाची जुनी व्हॅन रखडत तिथवर आणली, त्याला मागं निजवलं. आई उशाशी बसली. परभणीचा दवाखाना गाठला तरच तो वाचणार होता.

व्हॅन हलेना. गियर पडला, क्लच सोडला. इंजिन नुसतं बोंबलतंय, चाकं जागेवर. खाली घुसलो. क्लच बसतो त्या बेलहाउसिंगमधून काळं, पातळ तेल ठिबकत होतं. गियरबॉक्सचं तेल घट्ट असतं. म्हणजे इंजिनचं मागचं सील गेलेलं, तेल क्लच प्लेटवर उडतंय. सील बदलायचं तर गियरबॉक्स उतरवावा लागतो. त्यात अर्धा दिवस जातो.

"उस्ताद," वरून किसन म्हणाला, "लंगरची राख."

कॉन्व्हॉयमध्ये हे आमी करायचो. प्लेट पेट्रोलनं धुवायची, वर लंगरच्या, म्हणजे फौजी भटारखान्याच्या, चुलीची राख मारायची. राख तेल पिते, वर्कशॉपपर्यंत क्लच धरतो.

आईनं अंगणातल्या चुलीतली राख पदरातून चाळून आणली. "सकाळपासून चूल पेटली न्हाई, बाबा. गार हाय."

चारी बाजूंनी घरं धगधगत होती आणि मी पेट्रोलचा डबा घेऊन गाडीखाली. लय भ्यालो होतो. बेलहाउसिंगचं खालचं झाकण उघडलं, प्लेट धुतली, राख मारली. व्हॅन हलली.

गावाबाहेरच्या चढावर माझा चुलतभाऊ बाप्या आडवा आला. हातात रक्तानं माखलेली कुऱ्हाड.

"दादा, किसन्याला खाली टाक! तुला कोन अडवायलंय?"

चढावर थांबलो असतो तर त्या क्लचनं गाडी पुन्हा उचलली नसती.

"हट, भाड्या!"

तो हटला नाही. मी ॲक्सिलरेटर सोडला नाही. कुऱ्हाड काच फोडून सीटमध्ये रुतली. चाकाखाली बाप्याचा पाय मोडला, तो आवाज मला ऐकू आला.

"क्लच धरला?" किसननं विचारलं.

"धरला."

"मग आता क्लचवर पाय ठेवू नका, उस्ताद."

त्यानंतर तो बोलला नाही. व्हॅन दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेली. आईनं त्याचा हात सोडला नव्हता. डॉक्टरनं नाडी बघितली आणि तो हात तिच्या हातातून काढून घेतला. मी फाटकात बसून लेकरासारखा रडलो.

युनिटच्या फलकावर सीमेवर पडलेल्यांची नावं आहेत. किसन सुट्टीवर होता, म्हणून त्याचं नाही. आता गावातल्या झेंडावंदनाला मला शहिदांची नावं वाचायला लावतात. बाप्या लंगडत येतो, पुढं बसतो. मी पहिलं नाव किसनचं घेतो, आणि बाप्याकडं बघून घेतो.