झाडांची रात्र सकाळी दहा वाजता

“श्रीकांत, रूम चारमध्ये बुरशी सापडला.”

शेरॉन पेणकर माझ्या ऑफिसच्या दारात उभी होती. अंगात पांढरा गाऊन, केसांवर जाळी, हातात सीलबंद पिशवी. पिशवीत मुठीएवढं एक फूल होतं. बाहेरून हिरवंगार, टवटवीत. तिने ते मधोमध चिरलं होतं. आतला गाभा राखाडी आणि भुसभुशीत झाला होता.

शेरॉन आमची हेड ऑफ क्वालिटी. मुंबईहून आलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू आईवडिलांची मुलगी, जन्म लंडनचा. मराठी आजीकडून ऐकून आलेलं, त्यामुळे ‘तो’ आणि ‘ती’चा घोळ कायमचा. एरवी मी तिला चिडवायचो. त्या दिवशी सुचलं नाही. रूम चारची कापणी नऊ दिवसांवर होती, आणि ती आमच्या फॅसिलिटीची पहिली कापणी होती.

मी डॉक्टर नाही की शेतकरी नाही. मी हवेचा इंजिनियर. मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटर्सची हवा सांभाळण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. किती थंड, किती कोरडी, किती स्वच्छ, कुठून येते, कुठे जाते. रिटायर झाल्यावर आम्ही मुलीजवळ लंडनशेजारी स्लाऊला राहायला आलो. सहा महिन्यांत घरातले सगळे नळ, दारं, बिजागऱ्या दुरुस्त करून झाल्या. मग एका एजन्सीचा फोन आला. ‘मेडिकल प्लांट्स’च्या फॅसिलिटीला क्लीन एअरचा अनुभव असलेला माणूस हवा होता. मला वाटलं, कोरफड वगैरे असेल. इंटरव्ह्यूत कळलं की गांजा.

“जन्मभर सरळमार्गी नोकरी केलीत आणि आता हे?” सुलभा, माझी बायको, म्हणाली.

“अगं, कायदेशीर आहे.”

“ते मला सांगून काय उपयोग? मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं तर काय सांगणार आहात?”

“हवा बघतो म्हणून सांगेन. खोटं नाही त्यात.”

काही वर्षांपूर्वी इथला कायदा बदलला. स्पेशालिस्ट डॉक्टर आता ठरावीक आजारांत कॅनबिस लिहून देऊ शकतात. रस्त्यावर ओढणं आजही गुन्हाच आहे. सुरुवातीला बहुतेक माल परदेशातून यायचा. मग इथेच सरकारी लायसन्स घेऊन तो पिकवायला सुरुवात झाली. मी लागलो तेव्हा आम्ही अकरा जण होतो. वर्षभरात कार पार्क पुरेना. बाहेरून बघाल तर साधं गोदाम. पाटी नाही, दोन कुंपणं, पावलोपावली कॅमेरे. पत्ता मी मुलीलाही सांगितलेला नाही, कारण तशी सही करून दिली आहे.

पहिल्या दिवशी सकाळी आठलाच हेड ग्रोअर फिओनाने मला आत नेलं. फिओना एडिनबराजवळची. वीस वर्षं काचघरात टोमॅटो पिकवलेली बाई, बोलते कमी आणि चालते भराभर. हात धुवा, गाऊन घाला, बूट बदला, काळा चष्मा लावा. मग दोन दारांमधल्या बोळकंडीत थांबा. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. हे सगळं मला हॉस्पिटलसारखंच वाटत होतं. दुसरं दार उघडलं आणि मी जागीच थांबलो.

भर दुपारच्या उन्हासारखा प्रकाश. कमरेएवढ्या उंचीची झाडं, एका रेषेत, पार टोकापर्यंत. लिंबाचा, चिरलेल्या लाकडाचा आणि थोडा पेट्रोलचा वास एकत्र. फिओनाने हातात भिंग दिलं. फुलावर काचेच्या टाचण्या खोचाव्यात तसे हजारो बारीक थेंब उभे होते.

“औषध त्या थेंबांत असतं,” ती म्हणाली. “बाकीचं झाड म्हणजे त्यांना धरून ठेवणारा दांडा.”

“किती झाडं आहेत इथे?”

“मोजायला गेलास तर बाराशे. खरं बघितलंस तर एक. सगळी एकाच आईच्या फांद्यांपासून केलीत. पेशंटला दर वेळी तेच औषध मिळायला हवं ना!”

बाराशे ठिकाणी उभं असलेलं एकच झाड मी पहिल्यांदाच बघत होतो.

त्याच झाडाला आता बुरशी लागली होती.

शेरॉनने रूम चारमधली चाळीस फुलं चिरून बघितली. अकरा आतून सडलेली निघाली. दुपारी मीटिंग झाली. आमचा डायरेक्टर गॅरेथ वेल्सचा. भला माणूस, पण त्या दिवशी त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“दिसतात ती खराब फुलं काढून टाकू,” तो म्हणाला. “बाकीची रेडिएशनला पाठवू. जंतू मारायला बरेच जण तेच करतात.”

“खराब फूल बाहेरून दिसत नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे,” शेरॉन म्हणाली. “रेडिएशनने बुरशी मरेल. तिने आत काय करून ठेवलंय ते तसंच राहील. हे फूल मशिनमध्ये गरम होऊन त्याची वाफ थेट फुप्फुसात जाते. केमो चालू असलेल्या माणसाच्या फुप्फुसात. मी सही करणार नाही.”

बॅचवर तिची सही झाल्याशिवाय एक ग्रॅमही बाहेर जात नाही. गॅरेथने समोरच्या कागदावर रूम चारवर काट मारली.

“आणि पाच, सहा?” त्याने विचारलं.

रूम पाच आणि सहामधली झाडं दोन आठवडे मागे होती. तिथे अजून काही सापडलं नव्हतं. पण मशिनरी तीच होती, हवा तीच होती.

“ती या टप्प्यावर यायला दोन आठवडे आहेत,” फिओना म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “श्री, ही बुरशी पाण्याशिवाय येत नाही. माझ्या झाडांवर कुठून तरी पाणी येतंय. शोध.”

रूम चारमधलं सगळं पीक नष्ट करायचं ठरलं. गांजा असल्यामुळे तो नुसता कचऱ्यात टाकता येत नाही. अधिकृत साक्षीदार बोलावून, वजन करून, बारीक करून, निरुपयोगी करावा लागतो. फिओना स्वतः झाडं कापत होती. तासाभराने गॅरेथही गाऊन घालून आला आणि क्रेट उचलू लागला.

मी कामाला लागलो आणि पहिले चार दिवस वाया घालवले. ते माझ्या अनुभवामुळे वाया गेले. हॉस्पिटलात बुरशी म्हटली की आम्ही आधी फिल्टर आणि डक्ट बघायचो. इथेही मी तेच केलं. फिल्टर काढले, कॉइल तपासली, डक्टमध्ये कॅमेरा घातला, ठिकठिकाणचे नमुने लॅबला पाठवले. सगळं स्वच्छ. कंट्रोल सिस्टिमचे महिनाभराचे ग्राफ काढले. तापमान सरळ रेषेत, ह्युमिडिटीही सरळ रेषेत. सकाळी दहाच्या सुमाराला रेषेला एक बारीक उंचवटा, बस. ऑपरेशन थिएटरचा असता तर मी फ्रेम करून लावला असता असा ग्राफ.

पाचव्या दिवशी तो फिओनाला दाखवला.

“छान आहे,” ती म्हणाली. “पण हा काढलाय कुठे?”

“भिंतीवरच्या सेन्सरने.”

“माझी झाडं भिंतीवर नाहीत.”

मग तिने विचारलं, “तू त्यांची रात्र बघितली आहेस का?”

मी बघितली नव्हती. फुलोऱ्यातल्या या झाडाला रोज सलग बारा तास अंधार लागतो. मध्येच उजेड पडला तर फुलोरा बिघडतो. आणि रात्री वीज स्वस्त असते, म्हणून आमच्याकडे दिवे रात्री दहाला लागतात आणि सकाळी दहाला बंद होतात. म्हणजे झाडांची रात्र सकाळी दहा वाजता सुरू होते. त्या वेळी आत कोणी जायचं नाही असा नियम होता. मी तो इमानेइतबारे पाळला होता.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच मिनिटं कमी असताना आम्ही दोघं रूम पाचमध्ये शिरलो. कपाळावर हिरवे दिवे. हिरवा रंग या झाडाला जवळजवळ जाणवत नाही. माझ्या हातात ह्युमिडिटी मोजायचं छोटं यंत्र होतं.

दहा वाजले. एका क्षणात दुपार संपली.

आधी पंख्यांचा आवाज तेवढा उरला. मग काही मिनिटांत तोही बदलला, कूलिंग बंद पडलं. आणि मग पानं हलायला लागली. वाऱ्याने नाही. आडवी पसरलेली पानं हळूहळू खाली झुकत होती, जणू कोणी तरी बाराशे जणांना झोपायला सांगितलं होतं. मी हिरव्या उजेडात नुसता बघत उभा होतो. हॉस्पिटलात भूल देताना माणूस झोपेत जाताना मी काचेतून अनेकदा बघितला होता. झाड झोपताना कधी बघितलं नव्हतं.

“हात घाल,” फिओना कुजबुजली.

मी झाडांच्या दाटीत कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढला तेव्हा ग्लोव्ह ओला होता.

भिंतीवरचा सेन्सर बघितला. छप्पन्न टक्के. उत्तम. हातातलं यंत्र फुलांमध्ये धरलं. एक्याऐंशी. पाच मिनिटांनी अठ्ठ्याऐंशी. नंतर त्र्याण्णव. बाहेर ऊन, रस्त्यावर ट्रक, आणि त्या गोदामात माझ्या डोळ्यांदेखत दव पडत होतं.

मग सगळं उलगडलं. दिवे लागलेले असतात तेव्हा ते खोली तापवतात. तापली की कूलिंग चालतं आणि थंड कॉइलवर हवेतलं पाणी जमून वाहून जातं. दिवे बंद झाले की उष्णता संपते. कूलिंगला वाटतं, आपलं काम झालं. ते थांबतं आणि पाणी काढणंही थांबतं. पण झाडं लगेच थांबत नाहीत. दिवसभर प्यायलेलं पाणी ती अजून श्वासातून सोडत असतात. झाड जितकं मोठं तितकं जास्त. म्हणूनच लहानपणी धोका नव्हता आणि फुलं भरल्यावर झाला. ऑपरेशन थिएटरमध्ये असा प्रश्न मला कधी आलाच नव्हता, कारण तिथे कोणी बाराशे जण एकदम श्वास सोडत नाहीत.

यावर जुना उपाय आहे. कूलिंग चालूच ठेवायचं, म्हणजे पाणी निघत राहतं, आणि तीच हवा पुढच्या कॉइलवर पुन्हा थोडी तापवायची, म्हणजे खोली गारठत नाही. याला रीहीट म्हणतात. मी प्लांटरूममध्ये गेलो. रीहीटची कॉइल बसवलेली होती! फक्त तिचा व्हॉल्व्ह बंद होता. उभारणी करणाऱ्यांनी वीज वाचवायला तो सॉफ्टवेअरमध्येच मारून टाकला होता. कागदावर ते शहाणपणाचंच होतं.

गॅरेथला सांगितलं.

“म्हणजे एकाच वेळी हवा थंडही करायची आणि गरमही?”

“हो.”

“वेडेपणा वाटतो.”

“कपडे धुऊन पिळतो आणि मग वाळत घालतो, तसंच. पिळून झाले म्हणून ओले घालत नाही ना आपण!”

तो हसला. आठवड्यात पहिल्यांदा. “कर,” म्हणाला.

व्हॉल्व्ह उघडला. दिवे एकदम बंद करण्याऐवजी पाऊण तासात हळूहळू मंद होतील असं केलं. टेबलांखाली छोटे पंखे लावले. आणि प्रत्येक खोलीतले सेन्सर भिंतीवरून काढून झाडांच्या मधोमध टांगले. तीन दिवस मी आणि फिओना रोज सकाळी दहाला हिरवे दिवे लावून आत जात होतो. यंत्राचा आकडा तिसऱ्या दिवशी एकसष्टच्या वर गेला नाही. ग्लोव्ह कोरडा राहिला. पानं मात्र तशीच झुकली. खरं सांगतो, आकडा बघून झाल्यावरही मी थोडा वेळ तिथे रेंगाळायचो.

रूम पाच आणि सहाची कापणी वेळेवर झाली. शेरॉनने या वेळी ऐंशी फुलं चिरली. एकेक उघडताना मी शेजारी उभा होतो. ऐंशीच्या ऐंशी आतून स्वच्छ होती. मग वाळवणं, लॅबचे रिपोर्ट, त्यात काही आठवडे गेले. एका सकाळी तिने मला तिच्या केबिनमध्ये बोलावलं. समोर बॅचचा जाडजूड कागदपत्रांचा गठ्ठा होता. तिने शेवटच्या पानावर सही केली, पेनाचं टोपण लावलं.

“आतापर्यंत तो झाड होता,” ती म्हणाली. “आता औषध झाली.”

मी दुरुस्त केलं नाही.

पुढच्या वर्षभरात आमच्या चार खोल्या वाढल्या. नवीन उभ्या राहणाऱ्या अशाच दोन फॅसिलिटीजनी सल्ल्यासाठी मला बोलावलं. दोन्हीकडे मला आधी सुंदर ग्राफ दाखवले गेले, आणि दोन्हीकडे सेन्सर भिंतीवर होते, कारण वायर तिथपर्यंतच पोचत होती. या धंद्यात मी शिकलो ते एवढंच. मीटर सहसा खोटं बोलत नाही. पण त्याला जिथे टांगलंय, तेवढ्यापुरतंच तो बोलतो.