इनामदारांचं देवक

ज्याला आपल्या पणजोबाचं मूळ गाव सांगता येत नाही, त्यानं धाराशिव जिल्ह्यात लग्नाचं नाव काढू नये. आणि काढलंच, तर माझ्या चुलत सासऱ्यांच्या कानावर जाऊ देऊ नये. भूमपासून नळदुर्गापर्यंत कुणाची पोरगी उजवायची राहिलीय, कुणाचा पोरगा नोकरीला लागलाय, हे त्या त्या घराच्या आधी आमच्या या सासऱ्यांना कळतं; आम्ही त्यांना मामा म्हणतो. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून सोयरिकी जुळवणं हा त्यांचा पूर्णवेळ उद्योग. एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाला ते आधी मूळ गाव विचारतात, मग मामाचं आडनाव, मग देवक. देवक म्हणजे लग्नात पूजायची घराण्याची खूण. कुणाचं मोराचं पीस, कुणाची पंचपालवी. दोन्हीकडचं एकच निघालं की सोयरीक बारगळली. एकदा एका दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना म्हणून सगळे उन्हात ताटकळले होते, तेवढ्यात यांनी दोन लग्नं जमवली. कावळा शिवल्यावर लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मामा हळहळले, "घडीभर थांबला असता तर तिसरंबी जमलं असतं." माझं लग्नही त्यांनीच जमवलं. पाहायला आले तेव्हा मूळ गाव झालं, देवक झालं, चहा झाला, आणि निघताना पायात चपला सरकवताना त्यांना आठवलं, "अन् नाव काय म्हणालात तुमचं?"

तर अशा या माणसाच्या घरात एक मासा आला. आणला त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, रेणूनं. ती पुण्यात नोकरीला. बाप दिवसभर दुसऱ्यांच्या पत्रिका चाळत बसतो, त्यापेक्षा काहीतरी जितंजागतं समोर असावं, म्हणून पाण्यानं फुगलेली पिशवी मांडीवर घेऊन ती पोरगी पुण्याहून एस.टी.नं आली. तेव्हा मासा बोटाएवढा होता. वर्षभरात तो वीतभर झाला, अंगावर लाली चढली आणि कपाळावर हे एवढं टेंगूळ आलं. दुकानात त्याला फ्लॉवरहॉर्न म्हणतात. मामांनी त्या टेंगळाला फेटा म्हणायचं ठरवलं आणि माशाला इनामदार. नाव शोभेल असंच त्याचं वागणं होतं. टाकीतली प्लॅस्टिकची झाडं त्यानं पहिल्याच आठवड्यात उपटली. सोबतीला सोडलेले मासे एकेक करून संपवले. मग तळाचे खडे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तोंडानं वाहायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे, असा कारभार सुरू केला. परका माणूस काचेजवळ गेला की अंगावर धावून यायचा. मामांनी मात्र पाण्यात हात घातला की तळव्याला फेटा टेकवून गप्प उभा राहायचा. "वळकतंय की मला!" मामा म्हणायचे, आणि दर वेळी नव्यानं आश्चर्य करायचे.

आता आमच्या धाराशिवात नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एकदा, तेही त्याच्या मनात आलं तर. आणि इनामदारांना ताजं पाणी सोसत नाही. नळाच्या पाण्यातल्या पावडरीनं त्यांचे डोळे पांढरे होतात. म्हणून पाणी आलं की घरातला सगळ्यात मोठा ड्रम आधी त्यांच्यासाठी भरायचा, उघडा ठेवून शिळा करायचा, आणि मग टाकीत सोडायचा. घरच्यांनी उरलेल्यात भागवायचं. मी सासुरवाडीचा मानाचा जावई, पण एका उन्हाळ्यात मला अंघोळीला एक तांब्या मिळाला. मामी म्हणाल्या, "जावईबापू, राग मानू नका. ह्या घरात माणसं कोरडी अन् मासा न्हातोय."

गेल्या दिवाळीला रेणूनं फराळाच्या ताटावर सांगून टाकलं की तिनं मुलगा बघितलाय. सुमेध नाव, लातूरकडचा, तिच्याच ऑफिसात. मामांनी मूळ गाव विचारलं, ते तिला माहीत नव्हतं. त्याच्या मामाचं आडनाव विचारलं, तेही नाही. देवक म्हणताच ती म्हणाली, "पप्पा, तो आपल्यातला नाही. त्यांच्यात देवक मानत नाहीत. पण तो मला ओळखतो. माणसाला आणखी काय लागतं?" मामांनी चकली ताटात ठेवली आणि टाकीकडं तोंड करून बसले. रेणूही त्यांचीच लेक. ती म्हणाली, "तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही. पण करीन तर त्याच्याशीच." त्या दिवसापासून बापलेकीचा अबोला. अबोला म्हणजे कसा, तर मामा जे काही बोलायचं ते माशाशी बोलायचे. "इनामदार, तिला म्हणावं जेवून घे." "इनामदार, गाडी चुकल म्हणावं." ती पुण्याला गेल्यावर मामी फोन स्पीकरवर टाकायच्या आणि मामा टाकीपुढं ओरडायचे, "इनामदार, थंडी लई हाय तिकडं, स्वेटर घाल म्हणावं!" मासा बिचारा तोंड उघडायचा, मिटायचा. निरोप्या म्हणून त्याच्याइतका विश्वासू कुणी मी पाहिला नाही.

पण जिल्ह्याच्या सोयरिकी जुळवणाऱ्याच्या घरात लग्न अडलेलं, हे काही मामांना झोपू देईना. लेकीचं हातात नाही म्हटल्यावर त्यांनी माशाचं मनावर घेतलं. मला घेऊन सोलापूरला गेले आणि तिथल्या मासेवाल्याला म्हणाले, "आमच्या इनामदारासाठी ह्याच्याच कुळातली, पण जवळच्या नात्यातली नसंल, अशी मादी दाखवा. मूळ ठिकाण कुठलं म्हनायचं ह्यांचं? कुठली नदी?" तो हसायलाच लागला. "काका, ह्याला नदीबिदी काही नाही. तीन-चार जातीच्या माशांची मिसळ करून मलेशियाकडं तयार केलाय हा. ह्याचे आईबाप कोण, ते करणाऱ्यालाही नीट सांगता यायचं नाही." मामांचा चेहरा असा झाला की मला त्यांच्यासाठी खुर्ची मागावी लागली. तुळजापूरला घेतलेला चहाही त्यांनी तसाच ठेवला. घर आल्यावर एवढंच म्हणाले, "पाव्हणं, हे कुणाजवळ बोलायचं न्हाय."

मादी मात्र आणली होती. मासेवाल्यानं बजावलं होतं की मध्ये काच घाला, काही दिवस नुसतं बघू द्या. हे मामांना फार पटलं. "आमच्या येळंला असंच होतं. बघायचं, बोलायचं न्हाय." पुढं चांगला दिवस पाहून काच काढली, आणि इनामदारांनी चहा निवायच्या आत नवरीच्या कल्ल्यांच्या चिंध्या केल्या. तिला बादलीत घालून परत पोचवावं लागलं. मामांच्या हातची मोडलेली ही पहिली सोयरीक. मामी भांडी घासता घासता म्हणाल्या, "त्याला इचारलं व्हतं का कुणी?" मामांना ऐकू आलं नाही. निदान त्यांनी तसं दाखवलं.

पुढच्याच आठवड्यात भूमकडचे एक पाहुणे मुलाची पत्रिका घेऊन आले. माणूस घरंदाज, मिशीला पीळ. टाकीकडं बघून म्हणाले, "हे भेसळीचं असतंय म्हणं. ना कूळ ना मूळ. तुमच्यासारख्याच्या घरात बरं दिसत न्हाय हे." मी मान खाली घातली. आणि मामा ताडकन उठले.

"भेसळ कुणाला म्हणता हो? त्याला आज्याच्या नावावर जगावं लागत न्हाय! हितं या, ह्या पाण्यात तुमी हात घाला, फोडून काढंल. अन् माझ्या हाताला डोकं टेकवून हुभा राहतोय. मला वळकतोय तो. आणखी काय लागतंय?"

मामी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी तो शांतपणे खाली ठेवला. "हेच बोलली व्हती रेणू दिवाळीला," त्या म्हणाल्या, "तवा तुमी तिकडं तोंड करून बसला व्हता."

पाहुण्यांना काही कळेना, पण त्यांनी पत्रिका हळूच खिशात घातली. मामा टाकीकडं वळले आणि बारीक आवाजात म्हणाले, "इनामदार, रेणूला फोन लाव म्हणावं." फोन मामींनी लावला. माझे डोळे भरून आले होते, उगाच कशाला खोटं बोलू.

सुमेध आला तेव्हा मामा दाढी करून, टोपी घालून बसले होते. पोरगा वाकून नमस्कार करून समोर बसला. मामांनी घसा खाकरला. "तुमचं मूळ..." एवढं तोंडातून निघालं आणि त्यांनी टोपी नीट केली. "तुमच्या पुण्यात पाणी किती दिसाआड येतंय?"

"रोज येतं," सुमेध म्हणाला.

"रोज?" मामांनी टाकीकडं पाहिलं. मग पुन्हा विचारलं, "रोज येतंय?"

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी लेकीला आंदण म्हणून मामांनी इनामदार दिले. स्वतः पिशवीत पाणी भरलं, स्वतः हात घालून त्यांना आत घेतलं. रेणू रडत नको नको म्हणत होती. मामा म्हणाले, "हितं त्याचे हाल व्हतात पाण्याचे. तिकडं रोज हाय." सुमेधनं पिशवी मांडीवर घेतली, आणि गाडी वळेपर्यंत मामा त्या दोघांना नाही, पिशवीला हात दाखवत होते.

हल्ली मामा एस.टी.त शेजाऱ्याला आधी नाव विचारतात. टाकी कोरडी आहे. मामी तीत कांदे ठेवायचं म्हणतात, पण ठेवत नाहीत. परवा गेलो तेव्हा नळाला पाणी आलं होतं आणि मामा धोतर खोचून तो मोठा ड्रम भरत होते. मी म्हटलं, "मामा, आता एवढं पाणी कुणाला?"

"दिवाळीला येणार हायत तिघं," त्यांनी ड्रमावरचं झाकण काढून बाजूला ठेवलं. "शिळं होऊ द्या. त्याला ताजं सोसत न्हाय."

दिवाळीला अजून चार महिने होते.